बोडीवर या

एका माणसाचा आवाज मी चोरला आणि त्या आवाजातून झालेल्या चुकीची शिक्षा त्यालाच भोगू दिली. हे मी आजवर पत्नीला सांगितलेले नाही. ज्या जुन्या सहकाऱ्यांबरोबर त्या दिवसांच्या आठवणी काढल्या, त्यांनाही नाही. ते त्या प्रसंगावर हसत, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर हसत असे. माझ्या अपराधाचा हा दुसरा भाग, आणि तो पहिल्याहून लांबला.

आता त्या माणसाविषयी लिहितो.

साकोलीच्या अलीकडे महामार्ग सोडून आत वळले की ‘झाडीनगरी’ नावाचे एक उद्यान होते. भातगिरणीच्या एका मालकाने ते हौसेने उभारले होते. आम्ही त्यांना शेठजी म्हणत असू. आपल्या झाडीपट्टीतले अख्खे गाव त्यांनी सिमेंटमध्ये करवून घेतले होते. धानाच्या रोवणीला वाकलेल्या बाया, चाक फिरवणारा कुंभार, दंडारीत नाचणारे गडी, आणि या सगळ्यांत कसलेही प्रमाण न पाळता उभा असलेला एक प्रचंड हत्ती, ज्याच्या सोंडेवरून मुले घसरत खाली येत. सभोवार एक छोटी आगगाडी फिरे. मध्यभागी बोडी होती. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. धानाला पाणी मिळावे म्हणून जुन्या लोकांनी पाळ घालून पाऊस अडवला, त्यातून अशा कितीतरी बोड्या या जिल्ह्यात झाल्या. या बोडीत शेठजींनी नावा सोडल्या होत्या. मी तेथे पर्यवेक्षक होतो. नुकताच पदवीधर झालो होतो, आणि पदवीधराने सिमेंटच्या हत्तीवर देखरेख करावी, हे मला मनातून फार लागत असे.

बोडीच्या काठाला सागाच्या खांबांवर एक लाकडी खोली होती. तिला सगळे मचाण म्हणत. तेथून तारा निघून झाडाझाडांवर बांधलेल्या पोंग्यांपर्यंत गेल्या होत्या. ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याला आमच्याकडे पोंगा म्हणतात. त्या मचाणावर, माईकसमोर, काकाजी बसत.

ते उद्यानाचे निवेदक होते. त्याआधी त्यांनी निम्मे आयुष्य आमच्याकडच्या नाटकांत काढले होते, पण नट म्हणून नव्हे. दिवाळी झाली की आमच्या गावागावांत मंडई नावाची जत्रा भरते. लेकी-जावई येतात, दंडार होते आणि रात्री नाटक. त्या नाटकाचा पडदा उघडण्याआधी जो माणूस पडद्यापुढे येऊन चार शब्द बोलतो, ते काकाजी. त्यांचे चार शब्द ऐकायला लोक लवकर येऊन जागा धरत, असे ते स्वतः सांगत. इतरही सांगत, म्हणून मी ते खरे मानतो.

ऐन मे महिन्यातही त्यांचा पांढरा सदरा गळ्यापर्यंत बंद असे. वहाणा शिडीखाली राहत. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा असलेल्या माणसाला ते शिडीला हात लावू देत नसत, आणि आमच्या जिल्ह्यात ही अट म्हणजे जवळजवळ प्रवेशबंदीच. एकदा खुद्द शेठजी गाल फुगलेला असताना वर चढू लागले.

“शेठजी, थुकून या,” काकाजी वरून म्हणाले.

“अरे, माईक कोणाचा आहे? माझाच ना?”

“माईक तुमचा हाय जी. तोंडही तुमचंच हाय. थुकून या.”

शेठजी मुकाट्याने खाली उतरले.

स्वतः काकाजी तर खर्रा खातच नसत. तरीही कोणतेही निवेदन करण्याआधी ते शिडी उतरून हातपंपावर जात, लोटा भरत, गुळण्या करत, चेहऱ्यावरून ओला हात फिरवत आणि मगच माईकचे बटण दाबत. विषय कितीही क्षुल्लक असो. एकदा कोणाची तरी छत्री राहिली होती. तेवढ्यासाठी ते खाली निघालेले पाहून मी वैतागलो.

“काकाजी, छत्रीसाठीही गुळण्या?”

“छत्री का उडत आली का बाबू? कोन्या मानसाचीच हाय ना ते.”

त्यांच्या दोन भाषा होत्या. खाली उतरले की अस्सल झाडीबोली. मचाणावर चढले की नाटकाच्या पडद्यापुढची, घोटलेली, अलंकार ल्यालेली मराठी. शेंगा खायला आलेल्या गर्दीलाही ते ‘रसिकहो’ म्हणत. संध्याकाळी उद्यान बंद होत असल्याचे ते कधी सांगत नसत. ‘रसिकहो, आता सोंडेवरून उतरावे. हत्ती सकाळपासून उभा आहे,’ एवढेच म्हणत, आणि लोक खरोखरच ओशाळून उतरत.

मूल हरवले, हा शब्दप्रयोग त्यांना मुळीच मान्य नव्हता. कोणी रडणारे पोर मचाणाखाली आणून बसवले की पोंग्यांतून ऐकू येई, ‘रसिकहो, निळा सदरा घातलेले एक बाळराजे येथे सुखरूप बसले आहेत. त्यांचे आईवडील मात्र हरवले आहेत. ज्या कोणास ते आढळतील, त्यांनी त्यांना कृपया मचाणापाशी पोहोचते करावे.’ मग गर्दीतून एक लाजलेले जोडपे वाट काढत येई. लोक हसत, पोर हसे, आईच्या डोळ्यांतले पाणी हसण्यात मिसळून जाई. मी एकदा त्यांना म्हटले, की ही थट्टा बरी नव्हे.

“थट्टा कायची? लेकरू आपल्या जागीच रायते बाबू. मोठे मानसंच गप्पा मारत पुढं चालले जाते.”

एकदा एक म्हातारी सिमेंटच्या रोवणीच्या बायांमध्ये जाऊन बसली आणि काही केल्या उठेना. मुलगा चारचौघांत तिच्यावर खेकसला होता. काकाजी तिच्याशी बराच वेळ बोलत बसले, मग गुळण्या करून वर आले. ‘रसिकहो, एक आजीबाई हरवलेल्या नाहीत. त्या रुसलेल्या आहेत. चिरंजीवांनी एकट्याने यावे आणि येताना काही गोड आणावे.’ चिरंजीव जिलेबीचा पुडा घेऊन आले. म्हातारीने आधी शेजारच्या सिमेंटच्या बाईसमोर एक जिलेबी ठेवली आणि मग स्वतः खाल्ली.

आणखी एक नियम होता, आणि तो मला ठाऊक होता, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पोंग्यातून पाण्याचे नाव घ्यायचे नाही. मूल बोडीच्या काठी सापडले असले तरी आधी त्याला मचाणाखाली आणायचे, आणि मग ‘मचाणाखाली आहे’ एवढेच सांगायचे. “जिचं लेकरू दिसत नाही, तिच्या कानात पानी नाही टाकाचं,” असे ते म्हणत.

माईकवर आपली बोली का बोलत नाही, असे मी त्यांना विचारले होते.

“नागपूरचा मानूस हासते. अन् हासला का आयकत नाही.” मग म्हणाले, “अन् मलेच लाज वाट्टे थोडी. खोटं कायले बोलू?”

मला नकला चांगल्या जमत. चहाच्या वेळी मी काकाजींचा आवाज काढत असे. तिकीटघरातले, आगगाडीवरचे, नावांवरचे सगळे जमत आणि हसून बेजार होत. ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली. एका दुपारी त्यांनी मला वर बोलावले.

“मायावाला आवाज काढते म्हनते तू?”

मी खाली मान घातली.

“काढ.”

मी काढला. त्यांनी डोळे मिटून, एखाद्या शिष्याचे ऐकावे तसे शेवटपर्यंत ऐकले. “‘रसिकहो’ म्हनाच्या आधी श्वास घेऊन राहिला तू,” ते म्हणाले. “आधी नाही, नंतर घे. मानसं आपल्याकडं पाह्यतपर्यंत थांब, मग पुढं जा.” मी पुन्हा म्हटले. ते म्हणाले, आता बरोबर. त्यांना राग आला नाही, उलट आपला आवाज कोणाला तरी घ्यावासा वाटतो याचा त्यांना आनंद झाला असावा. त्यांना मूलबाळ होते, पण त्यांच्यापैकी कोणालाही या विद्येची आवड नव्हती.

तो दिवस हिवाळ्यातल्या एका रविवारचा. गर्दी फार होती. नागपूरहून आलेले एक जोडपे धावत मचाणाशी आले. त्यांची लहान मुलगी दिसत नव्हती, लाल फ्रॉक घातलेली. काकाजींनी सगळे नीट विचारून घेतले, धीर दिला, तेथेच बसायला सांगितले. पण ती दोघे कसली बसतात. बाप तिकीटघराकडे गेला, आई हत्तीकडे. काकाजी लोटा घेऊन हातपंपाकडे उतरले. मी मचाणावर एकटाच होतो.

तेवढ्यात बोडीच्या पलीकडच्या काठावरून आमच्या नावाड्याने हात वर करून हाक दिली. पोरगी सापडली होती. नावेत जाऊन बसली होती.

मी थांबायला हवे होते. मुलगी मचाणाखाली येईपर्यंत थांबायचे, काकाजी वर येईपर्यंत थांबायचे. पण खाली तो माणूस शांतपणे गुळण्या करत होता आणि ते पाहून माझे डोके तापले. आणखीही एक कारण होते. चहाच्या वेळी पाच-सहा माणसे ऐकत, तो आवाज एकदा साऱ्या उद्यानाने माझ्या गळ्यातून ऐकावा, अशी मला इच्छा होती. मी बटण दाबले.

“रसिकहो,” मी म्हटले. त्यांच्या आवाजात म्हटले आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे श्वास नंतर घेतला. लोकांनी माना वर केल्या. हजार माणसे आपल्याकडे पाहत आहेत हे दिसताच पुढची घोटलेली भाषा माझ्या तोंडातून नाहीशी झाली, आणि आवाज त्यांचाच राहून शब्द मात्र माझ्या घरचे आले.

“लाल फ्राकवाली पोरगी भेटली. बोडीवर या.”

आमच्याकडे सापडलेली वस्तू ‘भेटते’, आणि तळ्यावर बोलावायचे तर ‘बोडीवर या’ असेच म्हणतात. एकोडीच्या किंवा लाखनीच्या बाईने ते ऐकले असते तर ती पदर सावरत काठाकडे चालू लागली असती. पण पोंगा प्रत्येक स्वर चेपून एकसारखा करतो. नागपूरच्या त्या आईने ‘बोडी’ ऐकली नाही. तिने ‘बॉडी’ ऐकले. मुलगी मिळाली आहे आणि आपल्याला तिच्या बॉडीपाशी बोलावत आहेत, असे तिच्यापर्यंत पोहोचले.

तिची किंकाळी मचाणावर ऐकू आली. लेकरू बुडाले असणार या भीतीने ती पाण्याकडे धावली, तिच्यामागे लोक धावले, आणि त्या लोंढ्यात ती बोडीच्या दगडी पायऱ्यांवरून खाली गेली. कपाळ फुटले, पुढचा दात तुटला. मुलगी नावेत बसून फुटाणे खात होती. आईने रक्ताळल्या तोंडाने तिला छातीशी धरले, तेव्हा ते लेकरू घाबरून ओरडू लागले, कारण त्याला तो चेहरा ओळखू येईना. हे मी मचाणावरून पाहिले.

काकाजी शिडी चढून वर आले. हनुवटीवरून पाणी गळत होते, लोटा हातातच होता. त्यांच्यामागोमाग मुलीचा बाप वर आला आणि शिडीवर, खाली, सगळीकडे माणसे दाटली.

“माईकवर कोण बोललं?” बाप म्हणाला.

काकाजींनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मी पुढे कितीदा तरी लावला आहे. त्यात आरोप नव्हता. नाटकात समोरच्या नटाचे वाक्य असते तेव्हा जाणता माणूस थांबतो, तसे ते थांबले होते. वाक्य माझे होते. मी ते बोललो नाही.

“या माईकवर मीच बोलतो,” ते म्हणाले. मचाणावर होते म्हणून त्याही वेळी ते माईकच्याच भाषेत बोलले.

बापाने त्यांच्या मुस्कटात मारली.

मी बटण बंद केलेले नव्हते. त्यांचे ते वाक्य आणि त्यामागची चपराक, दोन्ही झाडाझाडांवरच्या पोंग्यांतून साऱ्या उद्यानात ऐकू गेली. हत्तीपाशी, आगगाडीत, फाटकाबाहेर फुटाणे विकणाऱ्यांपर्यंत. तो आवाज ऐकून लोक हसलेही. मग मी बटण बंद केले.

शेठजींनी दुसऱ्या दिवशी त्यांचा माईक काढून घेतला. शेठजी दुष्ट नव्हते. जखमी बाईच्या माणसांना काहीतरी केलेले दिसणे त्यांना भाग होते. मचाणावर ध्वनिमुद्रित गाणी वाजू लागली आणि काकाजींना वाहनतळावर बसवण्यात आले. तेथे ते पांढऱ्या सदऱ्याचे वरचे बटण लावून खुर्चीवर बसत, आणि लोक गाड्यांतून उतरताना एकमेकांना कोपराने ढोसत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका दुपारी मी त्यांच्याजवळून जात असताना त्यांनी मला थांबवले.

“बाबू, तो शब्द काही वाईट नाही. आपलाच हाय. पोंग्याले बोडी अन् बॉडी येकच वाट्टे.”

मी उभा राहिलो. तेही थांबले. पुन्हा तशीच जागा त्यांनी माझ्यासाठी सोडली होती.

“हो, काकाजी,” मी म्हटले.

“मी गुळण्याच करून राहिलो होतो. उशीर मायाच झाला,” ते म्हणाले.

अर्धी चूक त्यांनी आपणहून स्वतःकडे घेतली. मी ती देऊन टाकली आणि उरलेली अर्धीही त्यांच्याच पदरात ठेवून पुढे गेलो. त्या वेळी आजूबाजूला कोणी नव्हते. माफी मागायला यापेक्षा सोपी जागा मला आयुष्यात मिळाली नसती. हंगाम संपल्यावर ते एकोडीला आपल्या गावी निघून गेले, आणि मला भंडाऱ्यात नोकरी लागली.

पुढचे ऐकीव आहे. एका नाटकमंडळीने मंडईत त्यांना पडद्यापुढे बोलायला बोलावले. ते आले, हात जोडले, ‘रसिकहो’ म्हणून थांबले. त्यांची ती थांबण्याची जागा मागच्या कोणीतरी भरून काढली. “बोडीवर या,” तो ओरडला, आणि मंडप जो हसत सुटला तो आवरेना. काकाजी आत गेले. त्यानंतर त्यांना कोणी बोलावले नाही आणि तेही गेले नाहीत. गावात त्यांचे नाव ‘बोडीवाले’ पडले. ही हकीकत एका जुन्या सहकाऱ्याने मला भंडाऱ्याच्या बसस्थानकावर चहा पिताना सांगितली. मी हसलो, हे वर लिहिलेच आहे.

यंदा झाडीनगरी पाडायला घेतली. शेठजी गेले, मुलांनी जागा विकली. आता तेथे पाण्याचे खेळ असलेले मोठे उद्यान होणार आहे. बोडीच्या तळाला निळ्या फरश्या बसवून यंत्राने लाटा काढणार आहेत. बातमी पसरली आणि आम्हा सर्वांना एकदम गहिवर आला. ज्यांनी वर्षानुवर्षे तिकडे पाऊल टाकले नव्हते तेही जाऊन पडक्या आगगाडीसमोर छायाचित्रे काढून आले. कोणीतरी मोबाईलवर जुन्या आठवणींचा एक समूह केला, त्यात मलाही घेतले. लहानपणी हत्तीच्या सोंडेवर बसलेली, आता स्वतः आईबाप झालेली मुले तेथे रोज जुनी छायाचित्रे टाकत. मीही एक टाकले.

मग एका सकाळी कोणीतरी लिहिले, तो निवेदक आठवतो का, बोडीवर या? त्याखाली हसण्याच्या खुणांची रांग लागली. एकाने आपला आवाज ध्वनिमुद्रित करून टाकला. काकाजींची नक्कल होती. वाईट होती, श्वास ‘रसिकहो’च्या आधीच घेतलेला. दिवसभर लोक ती पुन्हा पुन्हा पुढे पाठवत राहिले. संध्याकाळी आमच्या जुन्या नावाड्याने एवढेच लिहिले, ‘जिवंत हायेत ते. एकोडीले असते. आयकू येत नाही आता.’

मी त्या समूहात खरे काय ते लिहिले आणि पाठवण्याआधी पुसले. पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. एका माणसाची थट्टा जेथे चालली आहे, तेथे त्याच्या पाठीमागे कबुली देऊन मोकळे व्हायचे, हेही मला त्याच जुन्या भित्रेपणाचे नवे रूप वाटले. उद्यानाचे सिमेंट तर मोडून जाईल. उरेल ती हीच आठवण, आणि तीत तो माणूस कायमचा हास्यास्पद राहील. त्याच्या जिवंतपणी हे फिरवता येणे शक्य असलेला मी एकटाच होतो.

एकोडीला जाताना वाटेत उद्यानापाशी थांबलो. हत्ती अर्धा पाडून झाला होता. पोटातून गंजलेल्या सळया बाहेर आल्या होत्या आणि आत कोठेतरी मधमाश्यांनी केलेले, वाळून गेलेले पोळे दिसत होते. रोवणीच्या बाया एका बाजूला आडव्या रचून ठेवल्या होत्या. मचाण नव्हते, बोडी आटवलेली होती. मी गाडीतून उतरलो नाही. जे पाहून मला वाईट वाटायला हवे होते, त्याविषयी वाईट वाटून घेण्याचा अधिकार मी अजून मिळवलेला नव्हता.

एकोडीत पोहोचल्यावर कळले की त्या दिवशी गावची मंडई होती. मला हे आधी ठाऊक असते तर मी तो दिवस टाळला असता, हे कबूल करतो. चौकातून दंडारीच्या ढोलकीचा आवाज येत होता. काकाजींचे अंगण पाहुण्यांनी भरले होते. धानाचे भारे एका कडेला सारून सतरंज्या अंथरल्या होत्या. काकाजी खुर्चीवर बसले होते, फार वाळलेले. सदऱ्याचे वरचे बटण लावलेले होते.

त्यांनी मला ओळखले. “हा तं आपला बाबू,” ते ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. आवाज मात्र तसाच भरीव होता.

त्यांच्या सुनेने मला शेजारी खुर्ची दिली आणि चहा आणला. “मामाजीले आयकू येत नाही भाऊ. कानापाशी जोरानं बोलाव लागते,” ती म्हणाली.

“हत्ती पाडला म्हनते?” काकाजींनी विचारले.

मी मान हलवली.

“मचाण?”

मी मान हलवली.

“बरं,” ते म्हणाले, आणि मांडीवरची धानाची कुसे झटकत राहिले.

कोणत्याशा गावाहून आलेले त्यांचे जावई समोरच्या सतरंजीवर बसले होते. गोड स्वभावाचे दिसले. मी झाडीनगरीत होतो हे कळताच ते पुढे सरकले.

“म्हंजे तुमच्यासमोरच झालं असन का ते, बोडीवर या? आमच्या मामाजीचं लय गाजलेलं हाय जी ते.”

अंगणातले लोक हसले. वाईट हेतूने कोणी हसले नाही, घरात रुळलेल्या विनोदाला हसतात तसे हसले. काकाजींनी सगळे हसताना पाहिले आणि काय चालले आहे हे न कळताच तेही त्यांच्याबरोबर हसले.

मी चहा खाली ठेवला. आयुष्यभर मी हळू बोलत आलो आहे, आणि ते लोकांना माझ्या सौजन्याचे लक्षण वाटते. मी त्यांच्या कानाशी वाकलो. घरून निघताना जुळवलेले वाक्य म्हटले, “काकाजी, माझ्याकडून एक अक्षम्य अपराध घडला आहे.”

“काय म्हनते?”

“मला क्षमा करा.”

“जमा? कायचं जमा?”

“जोरानं बोला भाऊ,” सून म्हणाली. “आनखीन जोरानं.”

जावई कौतुकाने पाहत होते. दाराशी उभ्या बाया बोलायच्या थांबल्या. इतका वेळ मी मान हलवून उत्तरे दिली होती, पण मान हलवून माफी मागता येत नाही. काकाजींनी कानामागे हात धरला आणि माझ्या तोंडाकडे पाहत वाट पाहू लागले. मी खुर्चीवरून उठलो. मी हात जोडले आणि जितका आवाज माझ्या छातीत होता तितका सगळा काढून, अंगणातल्या आणि कुंपणापलीकडच्या प्रत्येकाला ऐकू जाईल असे म्हणालो,

“काकाजी, त्या दिवशी माईकवर तुमी नव्हते. मी होतो. ‘बोडीवर या’ म्या म्हनलं होतं, तुमचा आवाज काढून. मार तुमी खाल्ला अन् मी उभा राहून पाह्यलं. मले माफ करा.”